केडीएम सराफ्यात बंद झालं, आमच्या टॉर्चवर चालूच होतं

आमच्याकडं सिल्वर रॉड, म्हणजे टॉर्चनं वितळवून पाईपचे जोड भरायची चांदी मिसळलेली कांडी, म्हटला की एकच, पंचेचाळीसवाला. वडिलांनी जळगाव एमआयडीसीत शेड घेतलं तेव्हापासून तोच. आमचं काम कूलिंगचं, म्हणजे रावेर, सावदा, यावल पट्ट्यात केळी पिकवायच्या ज्या रायपनिंग चेंबर आहेत त्यांचे युनिट, गावोगावच्या डेअरीचे बल्क कूलर, कुठं एखादं कोल्ड स्टोरेज. तांब्याला तांबं जोडा, तांब्याला पितळ जोडा, कॉम्प्रेसरच्या लोखंडी स्टबला पाईप जोडा, कधी स्टेनलेस, सगळ्याला तीच कांडी, जोडाची जागा साफ राहून कांडी नीट पळावी म्हणून लावतात ती तीच पांढरी फ्लक्स पेस्ट आणि तोच आबांचा हात. आबा म्हणजे आमचे जुने फिटर, वडिलांच्या वेळचे, त्यांनी मारलेला जोड लीक झाला म्हणून परत आला असं माझ्या आठवणीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्यामुळं त्या कांडीत काय आहे हे बघायची कोणाला गरजच पडली नाही. ४५ म्हणजे चांदी ४५ टक्के, बस. उरलेल्या ५५ टक्क्यांत काय आहे हा प्रश्न मला तरी वीस वर्षांत पडला नव्हता, खोटं कशाला बोलू.

तो पडला एका मे महिन्यात. यावलकडं एका चेंबरच्या कॉम्प्रेसर रूममध्ये जुनी लाईन बदलायचं काम होतं, बाहेर अशी लू चालू होती की दार उघडं ठेवलं तर टॉर्चची फ्लेम वाकडी जायची, म्हणून पोरांनी दार लोटून घेतलं, खिडकी पोतं लावून बंद. हेल्पर पोऱ्या दोन-अडीच तास आत, सीलिंगला लागून पाईप, म्हणजे जो धूर होतो तो बरोबर त्याच्या तोंडाशी. मी मधे दोनदा जाऊन आलो, मला तर वासबीस काही आला नाही. थोडा पिवळट तपकिरी धूर दिसला, पण धूर तर रोजचाच. संध्याकाळी पोरगा ठणठणीत, येताना फैजपूरला थांबून शेवभाजी खाल्ली आम्ही सगळ्यांनी. रात्री दीडला त्याच्या भावाचा फोन, थंडी वाजून ताप, छाती आवळल्यासारखी, खोकला थांबत नाही. बाहेर रात्रीसुद्धा अंगाची लाही होत होती आणि हा गोधडी घेऊन कुडकुडत होता. घरच्यांनी धरलं ऊन लागलं. कांदा फोडून तळपायाला चोळला, पन्हं पाजलं, जे आपल्याकडं करतात ते सगळं केलं. सकाळी दवाखान्यात नेला तर डॉक्टरनं आधी एक्स-रे काढायला सांगितला आणि मग विचारलं, काम काय करतो, वेल्डिंग का?

दोन रात्री ठेवून घेतला त्याला. सुटला, बरा झाला, आज पण आमच्याकडंच आहे. "भाऊ, मले वाटलं आता काई खरं नाई," असं नंतर हसून सांगायचा, पण मला ते हसू येत नव्हतं. कॅडमियमच होतं असं कागदावर कोणी लिहून दिलं नाही, हे पण खरं सांगतो, कारण जस्ताच्या धुरानंही असा एक दिवसाचा ताप येतो. पण डॉक्टरनं एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. कॅडमियमचा धूर आत घेताना माणसाला विशेष काही कळत नाही, चार-सहा-आठ तास जातात, मग फ्ल्यूसारखं सुरू होतं, आणि जास्त गेला असेल तर फुप्फुसात पाणी भरतं, त्यात माणूस जातो सुद्धा. त्यांनी एवढंच म्हटलं, तुमच्या त्या रॉडचं पाकीट एकदा वाचा.

पाकीट वाचलं. बारीक अक्षरात ओळ होती, एजी ४५, सीयू १५, झेडएन १६, सीडी २४. एजी चांदी, सीयू तांबं, झेडएन जस्त. सीडी म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाला गाण्याची सीडी आठवते, पण हे कॅडमियम. पाव किलो कांडीत जवळपास ६० ग्रॅम कॅडमियम, आणि आम्ही ते दररोज तापवत होतो.

त्याच आठवड्यात मामेभाऊ घरी आला होता. त्याचं सराफ्यात दागिने घडवायचं काम आहे, आता जळगावात सोन्याशी संबंध नाही असं घर सापडणं अवघड, ते सोडा. त्याला हे सगळं सांगितलं तर तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी चुलीत फटाका लावला. म्हणे, "म्हणजे तुम्ही अजून केडीएम लावता?"

केडीएमचा दागिना सगळ्यांना माहीत आहे, आपल्या आयांनी भाव विचारताना शंभरदा तो शब्द वापरलाय, पण केडीएम म्हणजे कॅडमियम हे किती जणांना माहीत असतं? पूर्वी दागिन्याचे तुकडे जोडायला जो डाख असायचा त्यात सोन्याबरोबर तांबं-चांदी बरीच, म्हणजे सांध्याच्या जागी सोनं कमी कसाचं. मग सोन्यात थोडं कॅडमियम टाकून डाख करायला लागले, साधारण ९२ ला ८, तो कमी उष्णतेला पळतो आणि कस पण टिकतो. ग्राहक खूष. पण फुकणी घेऊन बसलेल्या कारागिराच्या नाकात तोच धूर. आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमला जागा नाही, डाख जस्ताचा वगैरे वापरतात. भाऊ म्हणाला आमच्याकडं हे कधीच मागं पडलं, आणि तुमच्या एमआयडीसीत शिकलेले लोक, तुम्हीच मागं? लागलं मला ते. पण बरोबर होतं.

मग वाचायला बसलो. युरोपात ब्रेझिंगच्या, म्हणजे आमच्यासारखे जोड मारायच्या, रॉडमधलं कॅडमियम २०११ च्या डिसेंबरपासून बंद आहे, विमान, संरक्षण असली थोडी कामं सोडून. कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं, आयएआरसीनं, १९९३ लाच त्याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की असलेला गट. आणि हे किडनीत जाऊन बसतं ते निघायचं नावच घेत नाही, निम्मं कमी व्हायलाच दहा ते तीस वर्षं. आमची पोरं काम झालं की गूळ खातात, कोणी दूध पितं, म्हणे धूर खाली उतरतो. गूळ खावा, चांगलाच असतो, पण धूर जातो फुप्फुसात आणि गूळ जातो पोटात, त्यांची भेट कुठं होणार? तोंडाला बांधलेला रुमाल पण तसाच, धुराचे कण त्यातून आरपार. वर बिडी, तंबाखूच्या पानात पण कॅडमियम असतंच.

आता तुम्ही म्हणाल एवढं वाईट आहे तर ते रॉडमध्ये घालतात कशाला. घालतात कारण कांडी अप्रतिम चालते, हे मान्य केलंच पाहिजे. ती ६०७ डिग्रीला वितळायला लागते आणि ६१८ ला पूर्ण पाणी. फक्त ११ डिग्रीचा फरक. जॉब जेमतेम लालसर झाला की सर्रकन आत ओढली जाते, नवशिक्याचा पण जोड होतो. त्रास असा की कॅडमियम ७६७ ला उकळतं. जस्त ९०७ ला. ऑक्सिजन-एलपीजीच्या फ्लेमला ६१८ पासून ७६७ पर्यंत जायला काय लागतं, दोन सेकंद नजर हटली की झालं, आणि आमची पोरं तर फ्लेम डायरेक्ट कांडीवर मारायची. म्हणजे आम्ही कॅडमियम वितळवत नव्हतो, उकळून हवेत सोडत होतो, ते पण दार लावून.

ठरलं, बदलायची. आणि इथून खरी गंमत, कारण मला वाटत होतं दुकानात जायचं, "कॅडमियम फ्री द्या" म्हणायचं, आणायची, संपलं.

पहिली कांडी आणली ती स्वस्त बघून. ३४ टक्के चांदी, कथिल अडीच टक्के, कॅडमियम शून्य. आबांनी एक सात सुती पाईपचा जोड मारायला घेतला. कांडी लागली, थोडी पळाली, आणि मग थांबली. जोडाच्या तोंडाशी खडबडीत गाठ राहिली, साखर करपून भांड्याला चिकटते तशी. आबांनी अजून उष्णता दिली, गाठ हलेना. अजून दिली, फ्लक्स जळून काळा. आबा टॉर्च बंद करून शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे लोखंड आणलं का तुम्ही?"

कारण नंतर कळलं. ही कांडी ६३० ला वितळायला लागते पण पूर्ण पातळ होते ७३० ला. मधे १०० डिग्रीची चिखलासारखी अवस्था. तुम्ही हळूहळू तापवलं तर तिच्यातला लवकर वितळणारा भाग आधी पळून जातो आणि मागं राहतो तो सांगाडा, त्याला वितळायला आता आधीपेक्षा जास्त उष्णता पाहिजे. आबांची सवय वर्षानुवर्षांची, जॉब मंद तापवायचा आणि कांडी लवकर टेकवायची. ११ डिग्रीवाल्या कांडीला ती सवय चालते, १०० डिग्रीवालीला नाही. हिला आधी जॉब पूर्ण तापवून घ्यायचा, मग कांडी लावायची आणि पटकन पार व्हायचं. म्हणजे कांडी वाईट नव्हती, मोठ्या गॅपला आणि बाहेरून छान गोलाई हवी तिथं तर ती चांगलीच, पण आमच्या हाताला ती जमणारी नव्हती. हे दोन आकडे, वितळायला लागते कधी आणि पूर्ण पातळ होते कधी, मी आता कांडी घेताना चांदीच्या टक्क्याच्याही आधी बघतो.

दुसरी आणली ५६ टक्केवाली. चांदी ५६, तांबं २२, जस्त १७, कथिल ५. ६२० ते ६५५. आबांनी हातात घेतली, टेकवली, आणि चेहराच खुलला, "ही आपली!" खरंच जुन्या कांडीच्या सगळ्यात जवळची हीच. कॅडमियमचं काम इथं कथिल करतं, उष्णता खाली आणतं. आता बिल बघून माझा चेहरा बंद झाला. ४५ च्या जागी ५६ म्हणजे किलोमागं ११० ग्रॅम चांदी जास्त, आणि चांदीचा भाव काय चाललाय ते जळगावकराला सांगायला नको.

म्हणून मधली बघितली, ४५ टक्के कथिलवाली. चांदी तीच ४५, पण तांबं २७, जस्त साडेपंचवीस, कथिल अडीच. ६४० ते ६८०. जुन्या कांडीपेक्षा साठेक डिग्री जास्त मागते, जरा आळशी पळते, पण पळते. रोजच्या कामाला हीच घ्यायची असं मी मनात ठरवलं, आणि लगेच पाईपमध्ये नायट्रोजन भरून लीक बघायच्या टेस्टिंगला साबणाच्या पाण्यात बुडबुडे यायला लागले. सगळ्या नाही, दहात एक-दोन जोडाला पिनहोल, सुईएवढं भोक. आबांचं म्हणणं कांडी खराब. मला वाटलं उष्णता कमी पडतेय. आठ दिवस आमची ह्याच्यावरून जुंपली, शेवटी एक जोड करवतीनं उभा कापला आणि बघितला.

एका बाजूला कांडी आतपर्यंत छान गेलेली, दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. पाईप सॉकेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या पाईपच्या फुगवलेल्या तोंडात, एका अंगाला टेकून बसलेला. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फिलर गेज लावला तर मोकळ्या बाजूला ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त गॅप. चूक सापडली ती पाईपचं तोंड फुगवायच्या आमच्या पंचमध्ये, वडिलांच्या वेळचा पंच, त्यावर कधीतरी कोणीतरी वेल्ड भरून टर्न केला होता, तो जास्त फुगवत होता. ही कांडी आत जाते ती केशाकर्षणानं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी, त्याला गॅप ०.०५ ते ०.१५ पाहिजे. त्याच्यापेक्षा रुंद झाला की ओढच राहत नाही. मग जुन्या कांडीला हाच गॅप कसा चालत होता? चालत नव्हताच! आबा कांडीवर कांडी ओतून तो भरून काढत होते, हात चांगला म्हणून लीक होत नव्हता, आणि चांदी किती गेली ते कोणी मोजत नव्हतं.

मी बसून हिशोब केला. सात सुती म्हणजे साधारण २२ मिलिमीटर पाईप, सॉकेटमध्ये १२ मिलिमीटर आत. गॅप सगळीकडून ०.१ असेल तर आतली पोकळी भरायला लागते पाऊण ग्रॅमच्या आसपास कांडी. गॅप ०.३ झाला की सव्वादोन ग्रॅम. तिप्पट! म्हणजे मी दुकानात ५६ आणि ४५ च्या फरकासाठी घासाघीस करत होतो आणि इकडं एक झिजलेला पंच रोज त्याच्यापेक्षा जास्त चांदी खात होता. नवीन पंच सेट आणला, पिनहोल थांबले. आबा दोन दिवस माझ्याशी कमी बोलले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच हेल्परला गेज दाखवून शिव्या दिल्या, मग मला बरं वाटलं.

पुढची गोष्ट मला आधी कळायला पाहिजे होती, लाज वाटते सांगायला. तांब्याला तांबं जोडायला ही ४५-५६ ची चांदी लागतच नाही. त्यासाठी तांबं-फॉस्फरसची कांडी असते, नुसती किंवा थोडी चांदी टाकलेली, २ टक्के, ५ टक्के, १५ टक्के. फॉस्फरस स्वतःच तांब्याचा ऑक्साईड साफ करतो म्हणून फ्लक्स पण नको. शहरातले एसीवाले सगळे हीच वापरतात. आमच्याकडं मात्र वडिलांनी एकदा ४५ ठरवली म्हणून सगळ्याला ४५. आमचे निम्म्याहून जास्त जोड तांबं-तांबं, ते सगळे आम्ही फुकट चांदीनं मढवत होतो. आता तिथं ५ टक्केवाली, आणि जिथं कॉम्प्रेसरचं व्हायब्रेशन जास्त तिथं १५ टक्केवाली, ती जरा लवचिक असते. आतून नायट्रोजन हळू सोडायची सवय पण तेव्हाच लावली, नाहीतर पाईपच्या आत काळी पापडी धरते आणि ती पुढं फिल्टरमध्ये जाऊन बसते.

पण स्वस्त कांडी हाताशी आली की ती सगळीकडं लागते. एका पोरानं तीच ५ टक्केवाली कॉम्प्रेसरच्या लोखंडी स्टबला मारली. दिसायला जोड एकदम मस्त, टेस्टिंगला पास. महिनाभरात चोपड्याहून फोन, गॅस गेला सगळा. जाऊन बघितलं, पाईप हातानं हलवला तर जोड बिस्किटासारखा तुटला, कट्. फॉस्फरस आणि लोखंड मिळून जोडाच्या रेषेवर एक ठिसूळ थर होतो, व्हायब्रेशन लागलं की तिथूनच सुटतं. लोखंड, स्टेनलेस, निकेल, ह्यांना फॉस्फरसची कांडी कधीच नाही. पितळाला चालते पण फ्लक्स लावून. तेव्हापासून आमच्याकडं कांड्यांच्या शेपटीला ऑईलपेंट, फॉस्फरसवाल्या लाल, कथिलवाल्या हिरव्या, आणि कांडी रंगाच्या टोकाकडून वापरायची नाही हा नियम, मोडला तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडं. नियम मोडतोच कोणीतरी, चहा होतो.

स्टेनलेसनं वेगळाच धडा दिला. दुधाच्या कूलरला सेन्सर बसवायची स्टेनलेसची नळी असते, ती पितळेच्या सॉकेटला जोडली हिरव्या कांडीनं. दुधाजवळचं काम, म्हणजे कॅडमियम तर चालणारच नाही, आपली कांडी कॅडमियम फ्री, मी निवांत. पाच-सहा महिन्यांनी जोडातून झिरपायला लागलं. उघडला तर कांडी जागेवर, नळी जागेवर, पण दोघांच्या मधली रेषाच खाल्लेली, जसा भिंतीचा पोपडा आतून सुटतो. पाण्यात किंवा सतत ओलीत राहणाऱ्या स्टेनलेसला साध्या चांदी-तांबं-जस्तवाल्या कांडीनं हा रोग होतो, त्याला निकेलवाली कांडी पाहिजे. चांदी ५०, तांबं २०, जस्त २८, निकेल २, ही ६६० ते ७०५ ला. निकेलमुळं स्टेनलेसला पकड पण चांगली. फ्लक्स मात्र पांढरी पुरत नाही, काळी पेस्ट घ्यावी लागते, ती जास्त वेळ आणि जास्त उष्णतेला तग धरते. हीच कांडी आता आम्ही लेथच्या टूलला कार्बाईडची, म्हणजे धातू कापणारी कडक, टिप बसवायला पण वापरतो. टिप मोठी असेल तर दोन्ही बाजूला कांडी आणि मधे तांब्याचा पत्रा अशी तीन थराची पट्टी मिळते ती, कारण गार होताना लोखंड आकसतं तेवढं कार्बाईड आकसत नाही, मधलं मऊ तांबं तो ताण गिळतं, नाहीतर टिप तडकते.

सगळं बसत आलं होतं तेवढ्यात एक किस्सा झाला. रक्षाबंधनाच्या सुट्टीत आमची हिरवी कांडी संपली, नेहमीचा माणूस गावाला, म्हणून दुसरीकडून पाव किलो सुटी आणली. पाकीट नाही, कागद नाही, नुसतं तोंडी, "कॅडमियम फ्रीच आहे भाऊ, बिनधास्त." आबांनी एक जोड मारला आणि खूष होऊन म्हणाले, काय पळते ही, जुन्यासारखी! मला त्या "जुन्यासारखी" शब्दानं खटकलं. मामेभावाला फोन लावला, त्याच्या ओळखीनं सोनं तपासायच्या एक्सआरएफ मशीनवर कांडीचा तुकडा ठेवला. ते मशीन सोन्याचा कस बघायला असतं पण चांदी, तांबं, जस्त, कॅडमियम सगळ्यांचे आकडे दाखवतं, दागिना न घासता न वितळवता, मिनिटभरात. कॅडमियमसमोर जो आकडा आला तो शून्याच्या आसपास पण नव्हता, वीसच्या वर. मशीनवरचा पोरगा मला विचारतो, "काका, हा कोणता दागिना?" विकणाऱ्याकडं परत गेलो तर तो म्हणे मला पण असंच सांगून दिली होती. असेल. त्याच्याशी भांडून काय करणार. पण आता पाकीट सील नाही आणि टेस्ट सर्टिफिकेट नाही तर माल नाही, आणि नवीन लॉटमधली एक कांडी सराफ्यात दाखवून येतो, जाता येता होतं. दुसऱ्या गावच्या फॅब्रिकेटरला ही सोय कुठली, आम्हाला दोन किलोमीटरवर.

कॅडमियम गेलं म्हणून धूर गेला असं नाही, हे पोरांना सांगताना माझं तोंड दुखलं. जस्त आहेच, आणि फ्लक्समध्ये फ्लोराईड असतं, त्याची वाफ नाक-डोळे-घसा सोलते. म्हणून एक जुना ब्लोअर आणि लवचिक डक्ट घेऊन ओढायची सोय केली, साईटवर पण नेतो, आणि दार उघडं. लू येते तर येऊ दे, आडोशाला पत्रा लावा पण दार लावायचं नाही. फ्लेम कांडीवर नाही, जॉबवर. कांडी जॉबच्या उष्णतेनं वितळली पाहिजे. कधी टेकवायची ते फ्लक्सला विचारायचं, ती आधी फसफसते, पांढरी होते, मग ६०० च्या आसपास पाण्यासारखी स्वच्छ होते, त्याच्यानंतर जरा थांबून कांडी. आणि जोड झाल्यावर गरम पाण्यात बुडवून ब्रशनं फ्लक्स काढायची, राहिली तर ओल धरते आणि तांब्याला हिरवं करते. आबा हे गरम पाण्याचं काम अजून हेल्परवरच ढकलतात.

खर्चाचं विचाराल तर, किलोच्या भावानं बघितलं तर महाग. वर्षाच्या चांदीच्या बिलानं बघितलं तर आम्ही आधीपेक्षा खाली आलो, पण ते फॉस्फरसच्या कांडीमुळं आणि त्या पंचामुळं, कॅडमियम काढल्यामुळं नाही. ५६ वाली आता फक्त अडचणीच्या जागेला, जिथं शेजारी व्हॉल्व्हचं सील आहे आणि उष्णता कमी द्यायचीय तिथं, कपाटात वेगळी ठेवतो, मागितल्याशिवाय देत नाही.

कपाटात अजून एक डबा आहे. जुन्या कांड्या, पाकिटातल्या, न वापरलेल्या, एक किलो आठशे ग्रॅम. ठरवलं तेव्हा एवढ्या शिल्लक होत्या. त्यात आठशे ग्रॅमच्या वर नुसती चांदी, फेकवत नाही. शेजारच्या गाळ्यातला एक जण दोनदा येऊन गेला, "भो, मले दे, आमच्याकडं चालते," भाव पण चांगला सांगितला. नाही दिली, त्याच्याकडं पण दोन पोरं आहेत टॉर्चवर. मग मामेभावाला म्हटलं वितळवून चांदी तेवढी काढून दे. तो म्हणाला, "वितळवायची म्हणजे तोच धूर, आता माझ्या घरात?" तेही खरं. ज्या डीलरनं दिल्या होत्या त्याला पत्र लिहिलंय की कंपनीच्या रिफायनिंगला परत घे, त्याचं उत्तर "बघतो" असं आहे, दिवाळीपासून बघतोय. डब्यावर लाल पेंटनं मोठं सीडी लिहिलंय, कुलूप आहे, चावी माझ्या किचेनला. आबा अवघड जागेचा जोड आला की कपाटाकडं एकदा बघतात, मी त्यांच्याकडं बघतो, मग ते म्हणतात, "नाई हो, चष्मा शोधून ऱ्हायलो."